सनरूफ गळतंय? रबर बदलायच्या आधी पन्हळ बघा

गेल्या जुलैत ताम्हिणीतून खाली माणगावकडे उतरत होतो. पुढं डाव्या सीटवर आत्या, मागं बायको आणि पोरं, पाऊस असा की वायपर फुल स्पीडला टाकूनही समोरचं धड दिसेना, आणि एका वळणावर जरा जोरात ब्रेक मारला तर वरच्या छोट्या लाइटच्या फटीतून अर्धा कप गार पाणी सपकन आत्याच्या मांडीवर. आत्याचं लहानपण कोकणातल्या कौलारू घरात गेलेलं. तिनं फक्त वर बघितलं आणि म्हणाली, "पन्हळ तुंबलीय रे तुझी."

मी हसण्यावारी नेलं. मग पुण्यात आल्यावर एका वर्कशॉपनं सांगितलं काचेचं रबर गेलंय, पूर्ण सेट बदलावा लागेल, १४ हजार. दुसऱ्यानं रबराभोवती सिलिकॉनची पिचकारी फिरवून ८०० रुपये घेतले आणि पुढच्याच पावसात परत तेच. शेवटी आमच्या गल्लीतल्या मेकॅनिकनं सनरूफ उघडून कोपऱ्यात बाटलीनं पाणी ओतलं, ते तिथंच तळ्यासारखं साचून राहिलं, मग त्यानं नायलॉनची एक दोरी आत घातली आणि खालून काळपट चिखल आणि त्यात गुलमोहराची बारीक बारीक पानं बाहेर आली. झालं. गळती बंद. रबर आजही तेच जुनं आहे. आत्याला फोन करून सांगितलं तर म्हणे, मग मी काय सांगत होते.

एवढा खटाटोप करून जे कळलं ते सगळं एका जागी लिहून ठेवतोय, ज्याच्या त्याच्या कामाला येईल.

सनरूफ मुळात पाणी आत घेतंच

सगळा घोटाळा इथं आहे. आपल्याला वाटतं की काच बंद केली की रबर पाणी शंभर टक्के अडवतं आणि गळालं म्हणजे रबर खराब. तसं नसतं. रबर बरंचसं पाणी अडवतं, पण थोडं पाणी कडेनं आत येणारच असं धरूनच सनरूफ बनवलेलं असतं. काचेच्या खाली चारी बाजूंनी एक ट्रे असतो, म्हणजे आपली पन्हळच, आणि त्या ट्रेच्या कोपऱ्यांत भोकं असतात. त्या भोकांतून करंगळीपेक्षा बारीक पाईप निघतात. पुढचे दोन पुढच्या काचेच्या बाजूच्या खांबातून खाली येतात आणि दाराच्या बिजागरीजवळ किंवा फेंडरच्या आत सुटतात. मागचे दोन मागच्या खांबातून उतरून मागच्या चाकाजवळ किंवा बंपरच्या आत सुटतात. गाडी कुठल्याही कंपनीची असो, सनरूफ बऱ्याचदा वेबास्टो, इनाल्फा असल्या सप्लायरकडून आलेलं असतं आणि रचना थोड्याफार फरकानं हीच असते. पॅनोरामिक असेल तर काही गाड्यांत कोपऱ्यांशिवाय मधेही जादा पाईप असतात.

आता हा पाईप तुंबला की ट्रे भरतो, भरला की काठावरून सांडतो, आणि सांडलेलं पाणी छताच्या कापडावर पसरून जिथं फट मिळेल तिथून खाली येतं. म्हणून ब्रेक मारला की पुढं पाणी, चढावर मागं पाणी, आणि सोसायटीत गाडी ज्या बाजूला कलती उभी असते त्या बाजूचं कार्पेट ओलं. पाणी जिथून पडतं तिथंच गळती असेल असं बिलकुल समजू नका, ते छताच्या आतून दोन फूट चालून आलेलं असू शकतं.

आणि पाईप तुंबवतं कोण, तर आपली पार्किंगची जागा. वड-पिंपळाचं मोठं पान काही करत नाही, ते काचेवरच पडून राहतं. त्रास देतात ती गुलमोहर, रेन ट्री, चिंच यांची इवलीशी पानं. ती रबराच्या फटीतून आत सरकतात, त्यात उन्हाळ्यातली धूळ बसते, पहिल्या पावसात त्याचा लगदा होतो आणि भोकाच्या तोंडाशी बूच बसतं. काही गाड्यांत पाईपच्या खालच्या टोकाला रबराची चिरलेली टोपी असते, धूळ-किडे आत जाऊ नयेत म्हणून, ती चिखलानं चिकटून बसते आणि वरून सगळं साफ असूनही पाणी उतरत नाही. माझ्या डाव्या पाईपचं नेमकं हेच झालं होतं, वरून पानं आणि खालून टोपी, दोन्हीकडून बंद.

आधी खात्री करा की गळतंय ते सनरूफच

पाऊस नसताना, एसी लावून तासभर गाडी चालवली आणि डाव्या बाजूला पायाशी ओलं झालं तर सनरूफला शिव्या देऊ नका, एसीचं पाणी बाहेर टाकणारी नळी तुंबलीय. ते काम वेगळं आणि बहुतेक वेळा सोपं. ओल चिकट असेल आणि गोडसर वास येत असेल तर तो कूलंट, म्हणजे हीटरची भानगड, तेव्हा गाडी लगेच दाखवा. फक्त दाराच्या खालच्या काठाशी ओल असेल तर दाराच्या आतलं प्लॅस्टिक सुटलेलं असतं. छताच्या मागच्या बाजूला मधोमध डाग असेल तर छतावरच्या अँटेनाचं रबर बघा. पुढची काच नुकतीच बदलली असेल आणि त्यानंतर गळायला लागलं असेल तर संशय सरळ त्या काचेच्या चिकटवण्यावर.

सनरूफची खूण म्हणजे वरच्या लाइटपाशी, सनवायझरच्या बिजागरीपाशी किंवा खांबाच्या वरच्या टोकाशी कापडावर चहासारखा तपकिरी डाग. आणि गाडी उघडल्या उघडल्या येणारा कुबट वास. थेंब पडायच्या कितीतरी आधीपासून हा वास येत असतो पण आपण त्यावर एसीचा परफ्यूम लावून मोकळे होतो, मीही तेच केलं, लव्हेंडर.

पाण्याची टेस्ट

कोरडा दिवस बघा, गाडी सपाट जागी लावा, सनरूफ पूर्ण उघडा. बिसलेरीच्या बाटलीच्या झाकणाला खिळ्यानं भोक पाडा, म्हणजे धार बारीक येते. आता पुढच्या डाव्या कोपऱ्यात ट्रेमध्ये हळूहळू साधारण चहाच्या कपाएवढं पाणी सोडा आणि कुणालातरी खाली बघायला सांगा. पाईप मोकळा असेल तर काही सेकंदांत चाकाच्या मागं किंवा दाराच्या सांध्यातून धार लागते. थेंब थेंब येत असेल तर अर्धा तुंबलाय. काहीच येत नसेल आणि पाणी ट्रेमध्ये उभं असेल तर लगेच ओतणं थांबवा आणि ते पाणी स्पंजनं काढून घ्या, नाहीतर टेस्ट करता करता छत भिजवाल. असं चारही कोपऱ्यांत करायचं. मागच्या कोपऱ्यांपर्यंत काही गाड्यांत हात पोचत नाही, तिथं इंजेक्शनच्या मोठ्या सिरिंजला मासे ठेवायच्या टाकीची पातळ नळी जोडून पाणी सोडता येतं.

अजून एक शक्यता असते जी लोक विसरतात. पाणी ट्रेमधून गायब होतंय पण खाली बाहेर येत नाहीये. म्हणजे पाईप तुंबलेला नाही, तर छताच्या आत ट्रेच्या तोंडापासून निसटलाय किंवा मधे चिरलाय आणि पाणी सरळ गाडीच्या आत जातंय. हे घरी करायचं काम नाही, छताचं कापड उतरवावं लागतं, त्यामुळं इथंच थांबा.

साफ करायचं कसं

आधी ट्रे पुसून घ्या, ओल्या कपड्यानं, कोपऱ्यात जुना टूथब्रश. जो गाळ दिसतो तो पाईपमध्ये ढकलू नका, वर काढा. हे फार जणांचं चुकतं, आधी दोरी घालतात आणि वरचा कचरा आत ठासतात.

मग दोरी. गवत कापायच्या मशीनची नायलॉनची दोरी मिळते हार्डवेअरच्या किंवा शेती अवजारांच्या दुकानात, गोल आणि गुळगुळीत बघून घ्या, दोनेक मिलिमीटर जाडीची. टोक लायटरनं जरासं वितळवून गोल करा म्हणजे आत टोचणार नाही. भोकातून हळूच घाला, गोल गोल फिरवत, अडलं की मागं घेऊन परत. जोर लावायचा नाही. सायकलची ब्रेक केबल, वेल्डिंगची तार, छत्रीची काडी यातलं काहीही नको, आतला पाईप मऊ असतो आणि एकदा भोक पडलं की १०० रुपयांचं काम हजारांत जातं. दोरी खाली टोपीपाशी अडली तर खालून टोपी शोधा, दार उघडून बिजागरीच्या आसपास रबराचं काळं टोक दिसतं, ते दोन बोटांत दाबून चिर मोकळी करा. माझ्या टोपीतून पहिल्यांदा दाबल्यावर जे बाहेर आलं ते दिसायला डिट्टो उकडलेल्या नाचणीसारखं होतं आणि पाठोपाठ पाण्याची अशी धार लागली की माझी चप्पल भिजली, म्हणजे पाऊस थांबून चार दिवस झाले होते तरी पाणी वरच उभं होतं.

नंतर कोमट पाणी सिरिंजनं दोन तीनदा सोडा आणि परत टेस्ट.

आता हवा. पंक्चरवाल्याकडे जाऊन फुल प्रेशरनं हवा मारली की मोकळं होतं असं बरेच जण सांगतात. होतंही, पण पाईप ट्रेच्या नळीवर नुसता दाबून बसवलेला असतो, जोरात हवा मारली की तोच वरून निसटतो आणि मग आत्ता सांगितलं ते छत उतरवायचं काम निघतं. मारायचीच असेल तर अगदी हलकी, सायकलच्या हातपंपाची किंवा तोंडानं फुंकल्यासारखी.

खांबाचं प्लॅस्टिक उचकटून पाईप बघायचा मोह होतो, व्हिडिओत सोपं दिसतं. पण कर्टन एअरबॅग (पडद्यासारख्या कडेनं उघडणाऱ्या) असलेल्या गाड्यांत त्या छताच्या कडेनं आणि त्या खांबातूनच गेलेल्या असतात. ते सोडा वर्कशॉपवर.

रबर खरंच गेलं असेल तर

रबर कधीच जात नाही असं नाही. आठ-दहा वर्षांची गाडी, कायम उन्हात, रबर कडक होऊन भेगा पडलेल्या, कुठं दबून सपाट झालेलं, तर पाणी इतकं आत येतं की मोकळे पाईपही पुरे पडत नाहीत. बघायला सोपी युक्ती म्हणजे वर्तमानपत्राची पट्टी कडेवर ठेवून काच बंद करायची आणि पट्टी ओढायची. थोडी ओढ लागून आली तर ठीक, लोण्यातून सुरी यावी तशी आली तर तिथं दाब नाही. कडेकडेनं वीतभर अंतरावर करत जा.

दाब नसणं म्हणजे दर वेळी रबरच असतं असं नाही, काच खाली बसलेलीही असू शकते. बंद काचेवरून हात फिरवून बघा. काच छताच्या पातळीत हवी, पुढची कड फार तर किंचित खाली, मागची कड किंचित वर. पुढची कड वर आली असेल तर वारा शिट्टी मारतो आणि पाणीही घुसतं. ही पातळी काचेच्या बाजूच्या स्क्रूंवर सेट होते, बहुतेक गाड्यांत टॉर्क्सचे (चांदणीसारख्या खाचेचे) असतात, हात साफ असेल तर स्वतः करता येतं पण एका वेळी एकच स्क्रू ढिला करा आणि आधीच्या जागी पेन्सिलनं खूण करून ठेवा.

रबराला वर्षातून दोनदा सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात. डब्ल्यूडी-४० किंवा इंजिन ऑइल रबराला लावू नका, रबर फुगतं आणि सैल पडतं. आणि सिलिकॉन सीलंटनं काच बाहेरून बंद करायचा उद्योग तर नकोच. एक तर सनरूफ कायमचं बंद, दुसरं म्हणजे हार्डवेअरमध्ये मिळणाऱ्या ज्या सीलंटला व्हिनेगरचा वास येतो त्यानं पत्रा गंजतो, आणि तिसरं म्हणजे तुंबलेली पन्हळ तशीच राहते. एम-सील, फेविक्विक यांचं नावही नको. पावसाळ्याच्या मधे अपॉइंटमेंट मिळत नाहीये आणि चार दिवस काढायचेत तर काचेच्या कडेवर चिकटपट्टी लावून वर गाडीचं कव्हर, बास.

आतली ओल

गळती थांबली म्हणजे संपलं नाही. कार्पेट वरून कोरडं लागतं पण खाली फोमचा जाड थर असतो आणि तो पाणी धरून बसतो, आठवडाभरानं बुरशी. मॅट काढा, दाराच्या पट्ट्या सोडवून कार्पेटची कड उचला आणि फोम मुठीत दाबून बघा. माझ्या डाव्या बाजूचा फोम पिळला तर बादलीत तांब्याभर पाणी निघालं. ओलं-सुकं दोन्ही ओढणारा व्हॅक्युम मिळाला तर उत्तम, नाहीतर जुने टॉवेल दाबत बसायचं, मग कार्पेटखाली लाकडाचा तुकडा ठेवून टेबल फॅन लावायचा, दोन दिवस. भर पावसाळ्यात ऊन नसतं तेव्हा एसी आणि हीटर एकत्र लावून बाहेरची हवा बंद करून अर्धा पाऊण तास गाडी चालवा, हवेतली ओल एसी ओढून घेतो.

हे टाळू नका कारण बऱ्याच गाड्यांत कार्पेटखालून वायरिंग जातं आणि काहींत कंट्रोल युनिटही पायाशीच असतं. मग सेंट्रल लॉक आपोआप वाजणं, खिडकी मधेच न चालणं, असली भुतं लागतात आणि ती शोधता शोधता इलेक्ट्रिशियनही देवाला आठवतो.

काच फुटली तर

ही वेगळीच गोष्ट आणि जास्त घाबरवणारी. मित्राची गाडी समृद्धीवरून चालली होती, मे महिना, दुपारचे दोन, आणि वर बंदुकीसारखा आवाज. त्याला वाटलं टायर फुटला. बाजूला घेऊन बघितलं तर सनरूफची काच मधोमध बाहेरच्या बाजूला फुगून तुकडे तुकडे. नशीब की आतली शेड, म्हणजे काचेखालचा सरकता पडदा, बंद होती, नाहीतर मागं झोपलेल्या पोराच्या अंगावर सगळं. तेव्हापासून मी हायवेला शेड बंदच ठेवतो, आभाळ घाटात बघू.

सनरूफची काच बहुतेक टफन्ड (म्हणजेच टेम्पर्ड) असते. काचेच्या कोपऱ्यात बारीक छापलेलं असतं, टेम्पर्ड किंवा लॅमिनेटेड, बरोबर आयएस २५५३ आणि आयएसआयची खूण. टफन्ड काच बनवताना तापवून झटक्यात थंड करतात, त्यामुळं बाहेरचा थर दबलेला आणि आतला ताणलेला राहतो. वरून बुक्की मारली तरी काही होत नाही पण कडेला टवका उडाला की तो ताण कधीतरी सुटतो आणि पूर्ण काच एका क्षणात साबुदाण्यासारखी होते. टवका आज उडतो आणि काच महिन्यानं फुटते, म्हणून मालकाला वाटतं आपोआप फुटली. कधी काच बनतानाच तिच्यात निकेल सल्फाइडचा कण राहून गेलेला असतो आणि तोही काही वर्षांनी हेच करतो. उन्हात तापलेल्या काचेवर गार पाणी मारलं म्हणून धडधाकट काच सहसा फुटत नाही, पण कडेला टवका असलेली फुटू शकते. म्हणून टफन्ड काचेला तडा भरणं हा प्रकारच नाही. पुढच्या काचेचा तडा रेझिन भरून दुरुस्त होतो कारण ती लॅमिनेटेड. सनरूफच्या टफन्ड काचेचा कडेचा टवका भरून देतो असं कुणी म्हणालं तर नमस्कार करून निघा. तुमची काच लॅमिनेटेड असेल तर तडा गेला तरी तुकडे काचेच्या दोन थरांमधल्या प्लॅस्टिकला धरून राहतात, लगेच कोसळत नाही, पण बदलायची तीही.

फुटल्यावर काय करायचं. पहिलं म्हणजे स्विचला हात लावू नका, ना काच उघडायला ना शेड. तुकडे रुळांत शिरतात आणि मोटर ते दळत जाते, मग ८ हजारांची काच सोडून सगळी रूळ-केबलची चौकट बदलायची वेळ येते. गाडी बाजूला, सगळे खाली, डोळे चोळायचे नाहीत, केसांतले आणि कपड्यांवरचे तुकडे झटकताना मान खाली. मग साफसफाईच्या आधी फोटो, बाहेरून, आतून, काचेवरचा छापील मजकूर दिसत असेल तर तो, आजूबाजूचा रस्ता, गाडीचा नंबर. मग जाड हातमोजे नाहीतर दुहेरी प्लॅस्टिक पिशवी हातात घालून सुटे तुकडे काढा. जे अजून अडकून आहेत त्यांना काढत बसू नका, त्यावर बाहेरून रुंद चिकटपट्टी आडवी-उभी लावली की ते जागेवर राहतात.

झाकायला जाड प्लॅस्टिक, शेतातल्या मल्चिंगचा तुकडा किंवा दुकानावर पावसाळ्यात लावतात ती ताडपत्री, सुरुवात पुढून अशी करा की पुढची कड चांगली दाबून पट्टी लागेल, वारा पुढच्या कडेतूनच घुसतो. रंगावर थेट ब्राऊन टेप लावला की उन्हात गोंद बसतो, आधी मास्किंग टेपचा एक थर आणि त्यावर जाड टेप. गाडी हळू चालवा, छतावरून जाणारा वारा प्लॅस्टिक वर ओढतो, मित्रानं ८० ला नेलं आणि ताडपत्री पतंगासारखी गेली, मग सिन्नरपर्यंत ४० नं.

कोकणात आणि गोव्यात माडाखाली गाडी लावणाऱ्यांना वेगळं काय सांगू, नारळ पडला तर सनरूफ काय नि छत काय, पण झावळीचं जाड देठ टोकावर पडलं तरी टवका उडतो. एप्रिल-मेमधल्या गारांच्या वळवात मराठवाडा-विदर्भात उघड्यावर गाडी असेल तर छतावर जुनी गोधडी टाकून ठेवायची, गार मोठी असली तर तेवढाच आधार.

इन्शुरन्स आणि वर्कशॉप

फुटलेली काच कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसीत येते, फक्त थर्ड पार्टी असेल तर नाही. दुरुस्ती करून मग क्लेम करू असं अजिबात नको, आधी कंपनीला कळवा, सर्व्हेयर बघेल, मग काम. दगडफेक किंवा चोरीचा प्रयत्न असेल तर पोलिसांत नोंद करून ठेवा. नेहमीच्या मोटर पॉलिसीत काचेच्या भागांवर घसारा शून्य असतो पण रबर, प्लॅस्टिक, नायलॉनवर ५० टक्के, त्यामुळं काचेचं बहुतेक मिळतं आणि बीडिंग-रबर-क्लिपांचे अर्धे खिशातून, झिरो डेप (घसारा न कापणारं जादा कव्हर) असेल तर तेही वाचतात. शिवाय १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १,००० आणि त्यावर २,००० रुपये प्रत्येक क्लेमला आपले.

क्लेम करायचा का हा हिशेब मात्र आधी करा. नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) २० टक्क्यांपासून वाढत पाच वर्षांत ५० होतो आणि एका क्लेमनं शून्यावर येतो. समजा ओन डॅमेजचा (आपल्याच गाडीच्या नुकसानीचा) हप्ता बोनसशिवाय १२,००० आहे आणि बोनस ५० टक्के, म्हणजे तुम्ही ६,००० भरताय. क्लेम केलात तर पुढच्या वर्षी ६,००० जास्त, त्याच्या पुढच्या वर्षी २० टक्केच सूट म्हणजे ३,६०० जास्त, तिसऱ्या वर्षी ३,०००, आणि असंच पुढं. आठ-दहा हजारांच्या काचेसाठी हे परवडत नाही. पॅनोरामिकचं बिल मात्र सहसा कितीतरी मोठं असतं, तिथं क्लेम करावाच. बोनस प्रोटेक्ट घेतलं असेल तर प्रश्नच मिटला.

गळतीचं तसं नाही. तुंबलेला पाईप, झिजलेलं रबर हे देखभालीत मोडतं, इन्शुरन्स देत नाही. गाडी वॉरंटीत असेल तर मात्र आवाज करा, पण पद्धतशीर. बाटलीच्या टेस्टचा व्हिडिओ काढा आणि जॉब कार्डवर नुसतं "सनरूफ चेक" लिहून घेऊ नका. "पाऊस असताना पुढच्या डाव्या कोपऱ्यातून पाणी आत, चारही ड्रेन तपासणे, ट्रेचे सांधे तपासणे" असं स्पष्ट लिहायला लावा, मराठीत लिहिलं तरी चालतं. ॲडव्हायझर म्हणतो, "सर, वॉश करून बघितली, लीक नाही." तर त्याला सांगा, दादा, गाडी पुढून कलती करून परत बघा, सपाट जागी माझ्याही गळत नव्हती.

काच बदलून गाडी हातात घेताना बिल द्यायच्या आधी तिथंच होजनं पाणी मारायला लावा, साधी धार, दहा मिनिटं. तीन वेळा उघड-बंद करून बघा. स्विच एका दाबात पूर्ण चालत नसेल तर ते रिसेट करायचं राहिलंय, बॅटरी काढली असली तरी हे होतं, मॅन्युअलमध्ये सनरूफच्या पानावर पद्धत असते, बहुतेक स्विच बंदच्या दिशेला धरून ठेवायचा असतो. ज्या काचा चिकटवलेल्या असतात, पॅनोरामिकची मागची न हलणारी काच सहसा तशी, त्यांचं चिकट सुकेपर्यंत गाडी धुवायची नाही, किती वेळ ते वर्कशॉपकडून विचारून घ्या. आणि त्या मागच्या काचेच्या कडेनं गळत असेल तर दोरी-बिरी काही कामाची नाही, ती उतरवून परत चिकटवावी लागते.

बाहेरून सनरूफ बसवून घ्यायचा विचार असेल तर नका करू. छताचा पत्रा कापला की मजबुती जाते, गळतीची हमी कुणी देत नाही, आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा बदल चालत नाही, सुप्रीम कोर्टानंही २०१९ मध्ये तेच सांगितलंय. क्लेम नाकारायला इन्शुरन्स कंपनीला हेच हवं असतं.

जुनी सनरूफवाली गाडी घेताय तर सनवायझर खाली ओढून त्याच्या मागचं कापड बघा, विकणारा पुढचं सगळं ड्रायक्लीन करतो पण तिथं विसरतो. सीटच्या बोल्टवर गंज आहे का तेही.

पोरांना वर काढून उभं करणाऱ्यांना पोलीस दंड करतात तो वेगळा, पण फ्रेमच्या काठावर रेलून त्यांचं वजन पडतं आणि ट्रे वाकतो, मग कितीही पाईप साफ करा. आमच्या धाकट्याला हे समजावणं पाईप साफ करण्यापेक्षा अवघड गेलं.

प्रेशर वॉशवाल्याला सनरूफच्या कडेवर जवळून फवाऱ्याची नळी धरू देऊ नका, दोन हात लांबून ठीक. बाकी वर्षाचं वेळापत्रक म्हणाल तर कौलं शाकारायची जी वेळ तीच, मृग लागायच्या आधी, म्हणजे मे संपेपर्यंत एकदा ट्रे पुसून चारही कोपऱ्यांत बाटली. झाडाखाली गाडी असेल तर गणपतीला गावी निघायच्या आधी परत. माझे पुढचे दोन आणि मागचा डावा मोकळे आहेत, मागच्या उजव्याची धार अजून बारीक येते, त्याचं टोक बंपरच्या आत आहे, येत्या रविवारी गल्लीतल्या मेकॅनिककडे बंपर सोडवायचाय.